हललेले फोटो

त्या उन्हाळ्यातले फोटो पुन्हा उघडतो आहोत,
मेडिकलच्या मागच्या इमारतीत, दुपारी दोननंतर.
डॉक्टर सफिया अन्सारी दर छातीचे सहा भाग पाडतात,
वरचा, मधला, खालचा, उजवीकडे, डावीकडे,
आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात.
अठरापैकी किती, ते मी लिहिते.
कमी गुण मिळालेले पास होतात अशी
मी पाहिलेली ही एकच परीक्षा.

काळं म्हणजे हवा.
पांढरं म्हणजे हवेच्या जागी दुसरं काही.
मधलं, दुधी काचेसारखं, सगळ्यात अवघड:
पलीकडे कोणी उभं आहे एवढंच कळतं.

आकडा बहुतेक वेळा खरा निघतो.
हे मला मान्य करावंच लागतं.
तेव्हाही रात्री तीनला फोनवर आकडाच सांगितला होता मी,
"बारा आहे सर, खालचे दोन्ही भरलेत,"
आणि पाच नंबरची बाई सकाळ व्हायच्या आत वर हलवली गेली.
तिच्या ओळीपुढे 'घरी' लिहिलंय.
शेजारच्या खाटेपुढे नाही.

पारा सेहेचाळीस, वॉर्डातले कूलर बंद ठेवायचा हुकूम.
किटच्या आत घाम टाचेपर्यंत उतरायचा.
मशीनचं एक चाक कुरकुरायचं,
लोक त्या आवाजावरून मला ओळखत, चेहऱ्यावरून नाही.
काळ्या पिशवीत गुंडाळलेली प्लेट पाठीखाली सरकवायची,
गळ्यातला दोरा बाजूला करायचा, आणि ओरडायचं,
काचेतून, मास्कमधून, पंख्याच्या वरून:
श्वास घ्या.
धरून ठेवा.
धरून ठेवा.
सोडा.

"हे एक्केचाळीस काढून टाका," डॉक्टर म्हणतात.
"हललेत. बरगड्यांच्या कडाच दिसत नाहीत.
मशीनला शिकवायला साफ फोटो लागतात."
मी यादी करायला घेते.
सात-आठ नावांनंतर हात थांबतो.
"मॅडम, हे हललेत कारण
यांना श्वास धरता आला नव्हता."

त्या चष्मा काढतात, ओढणीनं पुसतात.
खाली कोणीतरी स्ट्रेचर जिन्यावर आपटत नेतंय.
मग तक्त्याच्या उजव्या टोकाला एक नवा रकाना उघडतात,
नाव न देता.
"भरा," म्हणतात. "बघू काय निघतं."

भरते आहे.
हलला, गेली. हलला, गेला. हलला, गेला.
हलला, तारखेपुढे काहीच नाही.
माझी बोटं पुढची ओळ आधीच ओळखायला लागतात,
आणि तीच मला नको असते.

मग सव्वीसावा.
सुखदेव धकाते, वय एकसष्ट, विणकर, गोळीबार चौक.
तेरा गुण लागले असते, अंदाजाने.
बरगड्या दुहेरी, ताणा सुटल्यासारख्या,
जबड्याची सावली पुसट होऊन वर पसरलेली.

हा मला आठवतो.
प्लेट पाठीला लागताच त्यानं डोळे मिटले होते.
मी म्हटलं, धरून ठेवा.
त्यानं धरला नाही.
मास्क एका बाजूला ओढून म्हणाला,
"थंडगार लागून राह्यलं ना बाई.
राहू दे थोडा वेळ. काढू नको."
आणि मी बटण दाबून बसले होते.

तीन मिनिटं तशीच ठेवली ती प्लेट.
पुढच्या खाटेवरून हाका येत होत्या.
दुसरा फोटो घेतलाच नाही मी,
आज कळतंय, घ्यायला हवा होता.

चोविसाव्या दिवशी घरी.

"काय लिहू?" मी विचारते.
डॉक्टर पडद्याकडे वाकून पाहतात.
"हललाय ना?"
हललाय.
पण हा दम नव्हता मॅडम,
हा बोलत होता.